देंबेले मास्तर कोला घेऊन जातात

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या मांडीवर एक गाठोडं आहे. तान्ह्या बाळाएवढं. ते रडत नाही, पण बाळापेक्षा अवघड आहे, कारण ते वाळता कामा नये. आणि बाहेर वारा सुटला आहे. हा वारा मोठ्या वाळवंटातून निघतो, थंड आणि कोरडा, आणि येताना अख्खं वाळवंट दळून पीठ करून बरोबर आणतो. त्याने ओठ फुटतात, दारं आक्रसतात, दोरीवरचा ओला सदरा चिमटा लावेपर्यंत वाळतो. भर दुपारचा सूर्यसुद्धा ताटलीसारखा पांढराफटक दिसतो. डोळे चोळू नका, धूळ आणखी आत जाईल. गाठोडं घट्ट धरलंत? ठीक. आता ते देंबेले मास्तरांच्या मांडीवर ठेवा आणि तुम्ही बाजूला बसा, कारण पुढचं जे काही झालं ते त्यांनाच सोसायचं आहे.

झुमाना देंबेले हे आफ्रिकेतल्या सेगू गावातल्या शाळेत भूगोल शिकवत. गाठोड्यात होता कोला. बाटलीतला नव्हे! कोला ही एक बी असते, आवळ्याएवढी, कडू आणि तुरट. आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरतं, तसं तिकडे मुलाकडचा कोला मुलीकडच्या वडीलधाऱ्याने खाल्ला की शब्द दिला गेला. मग राजा आला तरी तो शब्द फिरत नाही. मात्र कोला रसरशीत हवा. वाळका, सुरकुतलेला कोला नेणं म्हणजे आमच्या घरात तुमच्या मुलीचं असंच होईल, असं आपल्या तोंडाने सांगणं.

मास्तरांचा पुतण्या लासाना आणि बामाको शहरातली तेनिन साको यांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. राहिलं होतं ते फक्त मोठ्यांनी ठरवायचं. एरवी अशा कामाला अनुभवी मध्यस्थ जातो. पण मध्यस्थाला धुळीने खोकला लागला होता आणि मागणी घालताना खोकणं बरं दिसत नाही. तेवढ्यात तेनिनचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. "काका, गुरुवारी दुपारी सिमेंटवाल्यांकडचे लोक येणार आहेत कोला घेऊन. आजोबा कोणाला नाही म्हणत नाहीत. ज्याचा कोला आधी तोंडात जाईल, त्याला शब्द. तुम्ही दुपारच्या आत या. मशिदीमागची गल्ली, निळा दरवाजा."

"त्यात काय आहे?" मास्तर म्हणाले. "मी जातो."

मुलांनो, जगात जेवढे घोटाळे झाले, त्यांतले बरेच "त्यात काय आहे" या तीन शब्दांनी सुरू झाले आहेत.

पहिला घोटाळा शेजाऱ्यांनी केला. कोला या वाऱ्यात ओला कसा ठेवायचा, यावर अंगणात सभाच भरली. समोरच्या फुने बाई म्हणाल्या, "रुंद पानांत गुंडाळा, वर ओलं पोतं." निवृत्त पोस्टमास्तर बाबेंबा म्हणाले, "पोतं? कुजवायचाय का कोला? मातीच्या मडक्यात पुरा." कोणी म्हणालं फ्रिजमध्ये ठेवा. त्यावर कोणी म्हणालं, फ्रिजमध्ये काळा पडतो, आमच्या भावजीचं लग्न तसंच मोडलं. एका आजीबाईंचं मत पडलं की कोलालाही थंडी वाजते, त्याला लोकरीची टोपी घाला. मास्तर सुशिक्षित असल्यामुळे त्यांनी कोणालाच दुखवलं नाही. पानं झाली, पोतं झालं, आणि सगळ्यांवर कडी म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक नवाकोरा निळा टॉवेल भिजवून वरून गुंडाळला. शेवटी टोपीही बसवली.

"आणि आसितानला बरोबर न्या," बायको म्हणाली.

"मागणी घालायला पोरगी कशाला?"

"शिंपडायला. तुम्ही बोलायला लागलात की तुम्हाला कोला आठवणार आहे का?"

आसितान ही त्यांची धाकटी मुलगी, वय वर्षं नऊ. ती पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आधीच दारात उभी होती.

बसमध्ये आसितान मिनिटामिनिटाला दोन बोटांनी टॉवेलवर पाणी शिंपडत होती. मास्तरांनी या कामासाठी पांढराशुभ्र लांब झगा शिवून घेतला होता. कांजी करून, मोगरीने बडवून बडवून त्याला अशी चकाकी आणली होती की त्यात तोंड दिसावं. निम्मी वाट सरली तेव्हा मास्तरांना मांडी गार लागली. नव्याकोऱ्या टॉवेलचा रंग गेला होता. कुठे, ते सांगायला नको. झग्यावर, नेमका पुढून, आफ्रिका खंडाच्या आकाराचा एक निळा डाग उमटला होता. भूगोलाच्या मास्तरांना तो आकार ओळखू आला, पण समाधान वाटलं नाही.

शहराबाहेरच्या नाक्यावर बस थांबली. लोकरीची कानटोपी घातलेल्या शिपायाने आत डोकावून पाहिलं.

"ते काय गळतंय?"

"कोला आहे."

"कोला गळत नाही. मासळी असेल. उघडा."

"उघडता येणार नाही," मास्तर ताठ होऊन म्हणाले. "वारा लागेल."

"मासळीला वारा लागत नाही. परवाना आहे?"

"कोलाला परवाना लागत नाही."

"म्हणूनच मी मासळी म्हणतोय. नाव काय तुमचं?"

"झुमाना देंबेले."

शिपायाच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. "देंबेले! अरे चवळीखाऊ! आधी नाही का सांगायचं? मी कोने!"

आता हे समजून घ्या, कारण पुढे उपयोगी पडणार आहे. देंबेले आणि कोने या दोन कुळांत पणजोबांच्या पणजोबांपासून थट्टेचं नातं आहे. कोनेने देंबेलेला चवळीखाऊ म्हणायचं, देंबेलेने कोनेला चवळीखाऊ म्हणायचं, वाटेल तो अपमान करायचा, आणि रागवायचं मात्र कोणी नाही. रागावला तो हरला. आणि दुसरी गोष्ट अशी की एकाने दुसऱ्याकडे मनापासून काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. पण मनापासून मागितलं की नाही, हे ठरवायला समोरचा वेळ घेऊ शकतो.

"सोडतो," शिपाई म्हणाला. "पण आधी म्हणा, मी चवळीखाऊ आहे."

"मी चवळीखाऊ आहे," मास्तर पुटपुटले.

"मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही."

मास्तरांनी मोठ्याने म्हटलं. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. आसितानही वाजवणार होती, पण बापाकडे पाहून तिने तेवढ्यात पाणी शिंपडून घेतलं. या सगळ्यात उशीर झाला तो झालाच.

बामाकोत शिरले तेव्हा पुलावरून नदी दिसेना. दिवसाढवळ्या मोटारसायकली दिवे लावून चालल्या होत्या. माणसं गुंडाळून घेतलेल्या गाठोड्यांसारखी दिसत होती. मास्तरांच्या वर्गात या शहराचा नकाशा टांगलेला होता आणि तो त्यांना पाठ होता. पण नकाशात धूळ दाखवलेली नव्हती. पुढे शहरातल्या एका हिरव्या प्रवासी व्हॅनमधून उतरून ते मशिदीमागच्या गल्लीत आले आणि थबकले. गल्लीतले सगळे दरवाजे एकाच रंगाचे होते, विटकरी.

"विचारू या का कोणाला?" आसितान म्हणाली.

"भूगोलाचा मास्तर रस्ता विचारत नाही. निरीक्षण करतो." मास्तरांनी एका दरवाज्यावरून बाही फिरवली. धूळ गेली आणि खालून निळा रंग चमकला. "हे बघ!"

"बाबा, समोरचा पण पुसून बघू या?"

"भूगोल मी शिकवतो की तू?"

आसितानने मान वळवून समोरच्या दरवाज्याकडे पाहिलं. मास्तरांनी टाळी वाजवून दारावरून सलाम घातला आणि आत शिरले.

अंगणात शेगडीशी हात शेकत एक जाडजूड गृहस्थ बसले होते. शेजारी चटईवर, दोन घोंगड्यांत, एक अतिशय म्हाताऱ्या आजी. लगेच चटई आली, पाणी आलं, विचारपूस सुरू झाली. घरचे बरे? मुलं बरी? म्हातारी माणसं बरी? थंडी कशी आहे तिकडे? बरी, बरी, बरी, फारच. एकीकडे दुपार कलायला आली होती; पण आल्याआल्या कामाचं बोलणं हा तिकडे मोठा उद्धटपणा. आणि घरच्यांनी पाहुण्याला "का आलात?" विचारणं हा त्याहून मोठा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हीच सभ्यता.

"कुळ कोणतं?" गृहस्थांनी विचारलं.

"देंबेले."

"हात्तिच्या! चवळीखाऊ! म्हणूनच म्हटलं वास कसला येतोय. मी कोने."

खरं तर इथे मास्तरांनी थबकायला हवं होतं. साकोंच्या घरात कोने कसा? पण तेनिनची आई माहेरची कोने, हे त्यांना ठाऊक होतं. हे मुलीचे मामा असणार, मास्तरांनी मनात जुळवलं. बोलणी गोड व्हावीत म्हणून मुद्दाम बोलावलेले. शहरातली माणसं किती पुढचा विचार करतात!

जेवण आलं. जेवणात चवळीच होती. "खास तुमच्यासाठी," कोने म्हणाले. मग चहा आला. पहिला कडक, दुसरा बरा, तिसरा गोड, आणि तिन्ही झाल्याशिवाय उठायचं नाही. आसितान गाठोड्यावर पाणी शिंपडत होती. बाटली तळाला आली होती. शेवटी मास्तरांना धीर धरवेना. त्यांनी गाठोडं पुढे सरकवलं, झग्याचा डाग हाताने झाकला आणि घोकून आणलेलं वाक्य म्हटलं.

"आम्ही वाटेने जात होतो. तुमच्या अंगणात एक फूल दिसलं. ते आमच्या अंगणात लावायला द्याल का, म्हणून हा कोला."

 कोनेंनी गाठोड्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग घोंगड्यांतल्या आजींकडे पाहिलं. त्यांच्या गालात काहीतरी हललं, पण चेहरा न्यायाधीशासारखा राहिला. त्यांनी गाठोड्याची टोपी काढली, टॉवेल नि पोतं सोडलं, पानं उघडली आणि एक बी घेऊन तिचे दोन तुकडे केले. आत ओलसर, गुलाबी होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"आधी वडीलधाऱ्यांचं तोंड," कोने म्हणाले. "पण आईला दात नाहीत. पोरी, ती किसणी घे आणि हे आजीसाठी किसून आण."

किसणी म्हणजे दुधाच्या डब्याचा चपटा केलेला पत्रा, खिळ्याने भोकं पाडलेला. तिकडे दात गेलेले म्हातारे असाच कोला खातात. आसितान ती घेऊन दाराशी गेली. खर्र, खर्र, खर्र, आवाज येऊ लागला. मास्तर त्या आवाजाकडे कान लावून बसले. एवढं किसून झालं, म्हातारीच्या तोंडात गेलं, की लासानाचं लग्न ठरलं.

आवाज थांबला.

दारात आसितान नव्हती. मास्तरांनी दात आवळले. हिला आत्ताच बाहेर जायचं होतं? थोड्या वेळाने ती आली. तिची उजवी बाही कोपरापर्यंत विटकरी झाली होती. ती पुन्हा बसली. खर्र... मग बराच वेळ काही नाही. मग खर्र... ती बापाकडे टक लावून पाहत होती आणि बाही वर करून दाखवत होती. मोठ्यांच्या बोलण्यात लहानांनी तोंड घालायचं नसतं, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी डोळे वटारले. तिने पुन्हा बाही दाखवली. कपडे मळवून वर मिरवते आहे, मास्तरांना वाटलं.

"तर फूल पसंत आहे म्हणता," कोने म्हणाले. "जरा जुनं आहे, पण मुळं घट्ट आहेत. आईची हरकत नसेल तर माझी नाही. आजपासून मी तुम्हाला बाबा म्हणू का?"

मास्तर सभ्यपणे हसले. "मामा, थट्टा पुरे. मी आमच्या लासानासाठी तेनिनला मागायला आलोय."

"तेनिन? ती समोरच्या साकोंची. या घरात बिननवऱ्याची बाई एकच." कोनेंनी आजींकडे हात केला. आजींनी घोंगडीतून डोकं बाहेर काढून मास्तरांना डागापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे तुम्ही मामा नाही?"

"मी या घराचा मालक. समोरचा दरवाजाही निळाच आहे. रंगाच्या एका डब्यात दोन्ही दरवाजे रंगवून झाले होते."

मास्तरांनी गाठोड्यावर झडप घातली. कोनेंनी त्यावर आधीच हात ठेवला होता. "पुढे ठेवलेला कोला उचलून नेतात? माझी आई म्हणजे काय रस्त्यावर पडली आहे?"

नेमकी तेव्हाच गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला. एक नव्हे, दोन गाड्या. दारं आपटली. समोरच्या घरातून मोठ्याने स्वागत झालं. सिमेंटवाले आले होते.

"कोने," मास्तर हात जोडून म्हणाले. "पोरगी रडत होती फोनवर. माझ्यामुळे तिचं वाटोळं होईल. मी चवळीखाऊ आहे. माझा बाप चवळीखाऊ होता. आमचं सगळं गाव चवळीखाऊ आहे. सोडा!"

"गल्लीत ऐकू गेलं नाही."

मास्तर उभे राहिले आणि निळ्या डागासकट, धुळीने भरलेल्या आभाळाकडे तोंड करून ओरडले, "मी चवळीखाऊ आहे!"

गल्लीतून कोणीतरी म्हणालं, "ठाऊक आहे!"

कोने डोळे पुसत होते. "माझं मन भरलं. पण कोला आईपुढे ठेवलाय. तिला विचारा."

"पोरी," आजी म्हणाल्या, "किसलं का गं?"

आसितान उठली. ती आजींपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने किसणी पुढे केली. किसणीवर काही नव्हतं. मग तिने दुसरी मूठ उघडली. कोलाचा तुकडा तिथे होता, अख्खा.

"मग एवढा वेळ वाजत काय होतं?" कोनेंनी विचारलं.

"नख," आसितान म्हणाली.

आजी हसल्या. त्या हसल्या तेव्हा दोन्ही घोंगड्या खाली पडल्या. "समोरचा दरवाजा पुसून आलीस ना? मी बाही बघितली. बाप शिकलेला आहे, त्याला दिसली नाही." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "चवळीखाऊ, माझ्या तोंडात कोला गेला नाही म्हणजे शब्द गेला नाही. आणि ज्याला दरवाजा सापडत नाही त्याच्याशी मी लग्न करत नाही. पण देंबेले रडतोय आणि कोने बसून राहिली, असं माझ्या दारात व्हायचं नाही. काठी द्या माझी."

त्यांनी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गल्ली ओलांडली. समोरचा दरवाजा अर्धा पुसलेला होता, बरोबर नऊ वर्षांच्या मुलीचा हात पोचतो तिथपर्यंत.

साकोंच्या अंगणात सिमेंटवाल्यांकडचे तिघे गृहस्थ खुर्च्यांवर बसले होते. त्यांचा कोला काचेच्या झाकणाच्या, रेशमी फीत लावलेल्या खोक्यात होता. चूलघराच्या दारात तेनिन उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. मधे बसले होते साको आजोबा, आणि त्यांच्या हातात खोक्यातली एक बी होती.

"थांब, साको!" कोने आजी दारातूनच गरजल्या. "हे चुकलेलं गाढव माझ्या अंगणात चरत होतं. निघालं होतं तुझ्याकडे. दुपारच्या आत निघालं होतं, याला मी साक्षीदार. तीन चहा मी पाजलेत." आणि त्यांनी गाठोडं खाली ठेवलं.

सिमेंटवाल्यांतले एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "आजोबा, आमचा कोला तुमच्या हातात आहे."

"हातात आहे," साको आजोबा म्हणाले. "शब्द तोंडात असतो." त्यांनी बी हिरड्यांत धरून पाहिली आणि बाहेर काढली. "लाकूड आहे का हे? दातवाल्यांनाही जड जाईल. सूनबाई, किसणी आणा."

चूलघरात भांडी वाजली. बराच वेळ वाजली. सूनबाई रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. "किसणी नाही, मामंजी. मागच्या थंडीत कोने आजींनी नेली होती, ती परत दिलीच नाही."

सगळ्यांनी कोने आजींकडे पाहिलं. आजी आभाळाकडे बघत होत्या, जणू धूळ आजच पहिल्यांदा पडते आहे.

"सुरीने चिरू!" सिमेंटवाले गृहस्थ उठले. त्यांनी सुरी मागितली, बी पाटावर धरली आणि जोर लावला. सुरी सटकली, बी उडाली, टणटण करत शेगडीखाली गेली. ते गुडघ्यांवर बसून हात घालून शोधू लागले. बाकीचे दोघे त्यांना, डावीकडे, नाही, उजवीकडे, असं सांगू लागले. मास्तर दाराशी खांबासारखे उभे होते. पाहुण्याने बोलावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, मागणाऱ्याने घाई करायची नाही. इतक्या सगळ्या सभ्यतेखाली ते चेपून गेले होते. तेनिनने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. आणि खाली त्यांना दिसलं की आसितान त्यांच्या शेजारी नाही.

ती साको आजोबांच्या पायाशी जाऊन बसली होती. तिने बाटली उलटी करून शेवटचे थेंब तळहातावर घेतले, गाठोड्यातल्या एका बीला पुसले, कमरेच्या कापडात खोचलेला भोकांचा पत्रा बाहेर काढला, तो गुडघ्यांत घट्ट धरला, आणि किसायला लागली. भराभर. या खेपेला नखाने नव्हे.